नॅनी ऑनरचं जन्मसाल

६ जानेवारी २०२५, सोमवार. दुपारी तीन.

आज बायकांचा नाताळ. आज घरातल्या बाईनं कशाला हात लावायचा नाही, चहा पुरुषांनी करायचा, भांडी पुरुषांनी घासायची. माझा नवरा डेस्मंड जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे चहा मीच केला. भांडी मात्र तशीच ठेवली आहेत. रीत म्हणजे रीत.

नवी वही. निळी शाई. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर इमॅक्युलाटा म्हणायच्या, पेन्सिलीनं लिहिणारी मुलगी खोडायची तयारी ठेवूनच लिहिते.

संकल्प एकच. पणजीचं, म्हणजे नॅनी ऑनर टॅन्सीचं, जन्मसाल शोधून काढायचं. क्लूनमोरच्या जुन्या दफनभूमीत ती शंभर वर्षं एका बिननावाच्या धोंड्याखाली पडून आहे. डॅडी जाताना आम्हा दोघी बहिणींना सांगून गेले, तिच्यावर नाव घाला. त्याला सत्तावीस वर्षं झाली. यंदा कबरींच्या रविवारी, २० जुलैला, फादर पाणी शिंपडायला येतील तेव्हा दगड उभा असेल. त्यावर नाव, जन्मसाल, मृत्युसाल आणि घराण्याचं चिन्ह. मृत्युसाल डॅडींच्या प्रार्थनापुस्तकात आहे, १९२१.

गोरेटीला नुसतं नाव हवंय. गोरेटी माझी बहीण, दोन मैलांवर राहते. चौदा महिने आम्ही बोलत नाही. तिनं नाताळच्या कार्डावर (चित्र गाढवाचं. मुद्दाम.) लिहून पाठवलं: तीस जूनपर्यंत साल मिळालं तर घाल, नाही मिळालं तर दगडावर फक्त नाव, फीलीला मी सांगून ठेवलंय. फीली म्हणजे बॉइल गावचा दगड कोरणारा.

म्हणे तीस जून! मला सहा आठवडे पुरेत. सगळं आता ऑनलाइन असतं.

शिवाय साल मला ठाऊकच आहे. १८३९ च्या ६ जानेवारीला मोठा वारा आला, त्यात अख्ख्या आयर्लंडची छपरं उडाली. डॅडी दरवर्षी आजच्या दिवशी ती गोष्ट सांगायचे. छप्पर गेलं, गाय शेजाऱ्याच्या परसात जाऊन उभी राहिली, आणि नॅनी ऑनर दारात, हातात उकडलेला बटाटा. म्हातारपणी ती म्हणायची, "तो वारा मला आठवतो. बटाटा हातात धरून खाण्याएवढी होते मी." म्हणजे तीन-चार वर्षांची. म्हणजे १८३५. आता फक्त कागद हवा.

डॅडींचा आवाज अजून कानात आहे. वाऱ्याचा आवाज ते तोंडानं काढायचे.

९ जानेवारी, गुरुवार.

बॉइलच्या लायब्ररीतलं वंशावळ मंडळ. काहल डिग्नन चालवतात. चाळीस वर्षं आमच्या भागाचे पोस्टमन होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विधुर. बूट नेहमी चकचकीत.

त्यांनी सगळ्यांना एकेक तक्ता दिला. म्हणाले, "पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि जन्मतारीख लिहा. मग आईवडील. मग मागे मागे. मधली पायरी गाळली की माणूस दुसऱ्याच्याच घरात शिरतो."

मी पहिल्या रकान्यावर चहाचा कप ठेवला. मी मला माहीत आहे. त्यात वेळ कशाला घालवायचा?

मग त्यांनी साइट्स सांगितल्या. १९०१ आणि १९११ ची जनगणना, सरकारी, फुकट. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी, सरकारी, फुकट. चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, फुकट. कोणत्या शेतात कोण राहत होतं त्याची जुनी यादी, तीही फुकट. पाचवं काहीतरी जुन्या पेन्शनच्या अर्जांबद्दल होतं. ते मी टिपून घेतलं नाही. माझ्या वयाच्या बाईनं पेन्शनच्या गोष्टीत मान घातली तर लोक काय समजतील?

मी सदुसष्ट वर्षांची आहे. येत्या ऑगस्टमध्ये अडुसष्ट.

सगळंच फुकट म्हणजे मला संशय येतो. आणि शेवटी डिग्नन म्हणाले, "तुमच्या बहिणीनं याच साइट्स वापरल्या, मिसेस किलोरन. बरंच सापडलं तिला." झालं तर मग. त्या साइट्स माझ्यापुरत्या संपल्या.

११ जानेवारी, शनिवार.

एक दर्जेदार साइट सापडली. गोल्डन हार्प. पैसे भरावे लागतात (पहिले काही आठवडे चाचणी मोफत), पण उघडताच बासरी वाजते. हिरव्या पानावर सोनेरी अक्षरं, विरामचिन्हं जागच्या जागी. सिस्टर इमॅक्युलाटांना आवडली असती.

पण आत जाऊ देतील तर! पासवर्डात एक मोठं अक्षर हवं. दिलं. एक आकडा हवा. दिला. एक चिन्ह हवं. कशाचं चिन्ह? क्रुसाचं? मग म्हणे, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा. क्लूनमोरमध्ये एकही सिग्नल नाही. मी तीनदा नापास झाले. आयुष्यात मी कशात नापास झालेले नाही (भूमिती सोडून).

१२ जानेवारी, रविवार. चर्चमधल्या मासनंतर.

आत शिरले. तिथेही आधी स्वतःची माहिती मागतात. ठीक आहे. अ‍ॅट्रॅक्टा किलोरन, माहेरची टॅन्सी, ११ ऑगस्ट १९५७. बहीण गोरेटी, २ फेब्रुवारी १९५७.

लाल त्रिकोण आला. एकाच आईची दोन मुलं सहा महिन्यांच्या अंतरानं जन्मू शकत नाहीत, कृपया तपासा.

यंत्रानं मला शिकवायचं! मी गोरेटीचं साल १९५५ केलं. त्रिकोण गेला. यंत्राचं समाधान झालं, माझंही झालं.

आता हा विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकते. मी २०१८ साली डब्लिनहून परत आले. चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली, तुम्ही एकसष्टच्या वर दिसत नाही हो. मी विरोध केला नाही. एवढंच. चांगल्या घरची बाई लोकांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडत नाही. आणि चौदा महिन्यांपूर्वी पॅरिशच्या हॉलमध्ये, क्वायरच्या चहाला, स्कोनवर लोणी लावता लावता गोरेटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गावात लोक मला विचारतात, तुमची धाकटी बहीण कशी आहे? कोण धाकटी? हिचं फर्स्ट कम्युनियन झालं, सात-आठ वर्षांची असेल ही, तेव्हा मी चार वर्षांची होते. हिच्या पांढऱ्या फ्रॉकवर मी जाम सांडला होता!"

मी स्कोन तसाच टाकून घरी आले. तो जाम मी तिला केव्हाच माफ केला होता. हॉलमधलं नाही.

आमच्या गावातली मेरीमातेची गुहा १९५४ साली उघडली. केवढा सोहळा! मी आईच्या कडेवर होते, निळी लोकरीची टोपी. (म्हणजे आई सांगायची. मी तेव्हा नव्हतेच.)

२४ जानेवारी, शुक्रवार.

वादळ. असा वारा आयुष्यात पाहिला नाही. परसातली शेड शेजाऱ्याच्या शेतात गेली. वीज नाही, इंटरनेट नाही. ऐन संशोधनाच्या वेळी!

२७ जानेवारी, सोमवार.

अजून वीज नाही. डिग्नन चालत आले, गोरेटीच्या घरचा थर्मास घेऊन. भाजीचं सूप. आणि एक जाड पाकीट, माझ्या नावाचं, तिच्या अक्षरात.

"उघडा," ते म्हणाले. "बघण्यासारखं आहे."

माफीनामा असणार, दुसरं काय? एवढा जाड म्हणजे चारपाच पानांचा तरी. मी तो घड्याळामागे ठेवला. तिनं चौदा महिने घेतले, मीही घेईन. पिकू दे थोडा.

सूप प्यायले. आईच्या हातचं वाटलं. थर्मास न धुता परत केला.

३ फेब्रुवारी, सोमवार.

वीज आली. गोल्डन हार्प उघडली. पासवर्ड चुकीचा. मी जो वहीत लिहून ठेवलाय तोच पासवर्ड चुकीचा! त्यांच्या मदतकेंद्राला पत्र लिहिलं, तीन परिच्छेदांचं. उत्तर आलं, "हाय अ‍ॅट्रॅक्टा!" मी यांची कोण लागते?

२० फेब्रुवारी, गुरुवार.

वंशावळीचं झाड आता मांडवासारखं पसरलंय. बत्तीस नावं. त्यातली काही ओहायोतल्या कोणा टॅन्सींची आहेत असं डिग्नन म्हणतात. त्यांना काय कळतंय? पत्रं वाटणं वेगळं, पूर्वज ओळखणं वेगळं.

गोरेटीला झाड बघायचं आमंत्रण ईमेलनं पाठवलं. तिनं निदान बासरी ऐकावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

कार्ड आलं. चित्र गाईचं. "मला दोन वर्षांनी मोठी केल्याबद्दल आभारी आहे. असंच चालू ठेवलंस तर ईस्टरपर्यंत मी तुझी आई होईन. पाकीट उघडलंस का?"

माफीनामा लिहिणाऱ्या बाईची ही भाषा! पाकीट मुळीच उघडणार नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार.

उपासकाळाचा नेम: चाळीस दिवस राग सोडायचा. चॉकलेट दरवर्षी सोडते, त्यात काही कस लागत नाही.

त्याच दिवशी, चार वाजता.

मोफत चाचणीचे दिवस संपले आणि गोल्डन हार्पनं मला न विचारता वर्षभराचे पैसे कापून घेतले. चॉकलेटच सोडते.

२७ मार्च, गुरुवार.

गोल्डन हार्पवर १८३५ ची एकही ऑनर नाही. ते म्हणतात, १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली, त्यात गेलं असेल. शंभर वर्षांपूर्वीची आग, आणि अजून माझ्याच घरात धूर! आपल्याच माणसांनी आपलेच कागद जाळायचे. दोन्ही बाजूंची नावं घेऊन मी स्वयंपाकघरात ओरडले. मांजर बाहेर गेलं.

१० एप्रिल, गुरुवार.

आज ती फुकट जनगणना उघडली. वापरायला नाही. ती कशी कुचकामी आहे हे मंडळात पुराव्यानिशी सांगता यावं म्हणून.

पासवर्ड नाही. सिग्नल नाहीत. बासरीही नाही. नाव टाकलं, गाव टाकलं, आणि दोन मिनिटांत समोर पणजोबांच्या घराचा मूळ कागद. मला हुंदका आला. घर मातीचं, खिडक्या दोन. खाली पणजोबांच्या सहीच्या जागी फुली.

१९०१: ऑनर टॅन्सी, वय ५०.

मग १९११ उघडलं. पणजोबा गेलेले. घरात ती आणि माझे आजोबा मायकल, एवढीच दोघं. ऑनर टॅन्सी, विधवा, वय ७६.

मी चष्मा पुसला. दहा वर्षांत सव्वीस वर्षं!

हे कागद तेव्हाच्या, इंग्रजांच्या पोलीस शिपायांनी गोळा केले. त्या शिपायाचं नाव खाली आहे, ते मी इथे लिहिणार नाही, कारण मी कॉन्व्हेंटात शिकले आहे. प्यायलेला होता. नाहीतर गणितात कच्चा. एका गरीब विधवेचं वय नीट लिहिता येत नाही, आणि म्हणे साम्राज्य चालवतात!

मी २०२२ सालची आमची जनगणना भरली तेव्हा एकही खाडाखोड केली नाही. शेवटच्या पानावर एक मोकळी चौकट होती, शंभर वर्षांनी उघडणाऱ्यांसाठी चार शब्द लिहायला. तीही मी वाया घालवली नाही. नोंद कशी करावी हे आमच्याकडून शिकावं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे.

उलगडलं! प्रार्थनेच्या मध्येच सुचलं. त्या दोन वेगवेगळ्या बायका. पणजोबांची दोन लग्नं, दोन्ही बायका ऑनर नावाच्या. धाकटी ऑनर १९०१ नंतर गेली. थोरली ऑनर, ७६ ची, ती आपली. मोठा वारा पाहिलेली.

मग १९०१ साली थोरली कुठे होती? पाहुणी गेली असेल. त्या एका रात्रीची तर गणना.

१५ मे, गुरुवार.

मंडळात मी दोन ऑनरांचा सिद्धान्त मांडला. पंचवीस मिनिटं. नवा निळा स्कार्फ.

डिग्ननांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचे आजोबा मायकल १८८८ चे ना? मग १८३५ ची ऑनर तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती."

मी म्हणाले, बायबलातल्या संत एलिझाबेथलासुद्धा उतारवयातच मूल झालं.

"तिथे देवदूत आला होता," ते म्हणाले. "क्लूनमोरला तेव्हा पोस्टसुद्धा आठवड्यातून दोनदाच यायचं."

सगळे हसले. मीही हसले, दात दाखवून. चहाच्या वेळी ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "अ‍ॅट्रॅक्टा, ते पाकीट उघडलंत का?"

गोरेटीनं यांनाही फितवलंय. आणि मी निळा स्कार्फ घातला होता!

पण "अ‍ॅट्रॅक्टा" म्हणाले. आजवर मिसेस किलोरन होते.

१२ जून, गुरुवार.

गोल्डन हार्पच्या तज्ज्ञांकडून प्रमाणपत्र आलं. ऑनर टॅन्सी, जन्म अंदाजे १८३५ ("ग्राहकानं पुरवलेल्या माहितीनुसार"). सोबत घराण्याचं चिन्ह: हिरव्या ढालीवर सोनेरी रानडुक्कर. काय ऐट आहे त्याची! डॅडींची मान अशीच होती.

मंडळात नेऊन दाखवलं. मिसेस स्पेलमननं पर्समधून स्वतःचं काढलं. तिचंही रानडुक्कर. तेच. डाव्या कानाला तशीच खाच.

परत येताना बसमध्ये प्रमाणपत्र उलटं धरलं. पास दाखवताना ड्रायव्हर हॅलो म्हणाला, त्यालाही ते दिसू दिलं नाही.

३० जून, सोमवार. सकाळी दहा.

फीलीला फोन केला. ऑनर टॅन्सी, १८३५ ते १९२१. डुक्कर नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं." लिहून घेतलं की नाही कोण जाणे, मागे रेडिओवर हर्लिंगच्या मॅचची चर्चा चालू होती.

मी जिंकले. मुदतीत. उरलेला दिवस घर झाडलं. जिंकल्यावर माणूस काय करतो?

१९ जुलै, शनिवार. सकाळ.

उद्या कबरींचा रविवार. टोपी बाहेर काढली. ठरवलं की उद्या दगडाशेजारी उभी राहून, सगळ्यांसमोर, गोरेटीला क्षमा करायची. मग तिच्या माफीनाम्यात नेमके कोणते शब्द आहेत ते ठाऊक हवेत. म्हणून घड्याळामागचं पाकीट काढलं. धूळ झटकली. उघडलं.

त्याच दिवशी, दुपारी.

माफीनामा नाही.

जुन्या सरकारी अर्जाची प्रत आहे, १९१० सालची. सत्तरीनंतर सरकार पेन्शन देऊ लागलं तेव्हा ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता त्यांचं वय १८५१ च्या जनगणनेत शोधत. ती जनगणना पुढे आगीत गेली, पण हे तपासाचे कागद राहिले. सरकारी साइटवर आहेत. फुकट. डिग्ननांनी सांगितलेलं पाचवं.

अर्जदार: ऑनर टॅन्सी, माहेरची गिलमार्टिन, क्लूनमोर. सांगितलेलं वय: ७५. पुरावा: अर्जदाराला १८३९ चा मोठा वारा आठवतो.

खाली दुसऱ्या शाईत कारकुनानं लिहिलंय: सापडली. १८५१ साली वय, १ वर्ष.

वारा तिनं पाहिलाच नव्हता. वारा येऊन गेल्यावर अकरा वर्षांनी ती जन्मली. साठ वर्षांची बाई साहेबापुढे उभी राहून बटाट्याची गोष्ट सांगून आली. साहेबानं ऐकली नाही. मग तिनं ती घरी सांगितली, आणि घरच्यांनी ऐकली. आजोबांनी डॅडींना सांगितली, डॅडींनी तोंडानं वारा वाजवून आम्हाला. आणि मी सहा महिने ती सगळ्या आयर्लंडला सांगत फिरले.

मला इतका राग आला की कोणाचा ते कळेना. शिपायाची माफी मागायला हवी. त्यानं ती सांगेल तेच लिहिलं. बिचारा.

मागच्या बाजूला गोरेटीचं अक्षर:

"ट्रॅक्टा, रागावू नकोस तिच्यावर. नवरा अंथरुणाला खिळलेला, पाच पोरं अमेरिकेत, त्यातल्या तिघांची पत्रं बंद. दुसरं काय सांगणार होती ती? आपल्या घरात वय बदलणारी तू पहिली नाहीस, आणि तुझं कारण तर तिच्याहून साधं आहे. हॉलमध्ये मी बोलायला नको होतं. दगडावर काय घालायचं ते तू ठरव. तू थोरली. गोरेटी."

तारीख २५ जानेवारी. वादळाच्या दुसऱ्या दिवशीची.

सहा महिने हे घड्याळामागे होतं. रोज सकाळी आठ वाजता मी त्या घड्याळाला चावी देत होते.

त्याच दिवशी, चार वाजता.

फीलीला फोन केला, आकडा थांबव म्हणून. तो म्हणाला, "कसला आकडा? दगड उभा करून आलो कालच. नाव कोरलंय, आकडा कोरलेला नाही. तुमची धाकटी बहीण येऊन सांगून गेली, थोरलीनं पत्र वाचेपर्यंत थांब. वाचलं का तुम्ही पत्र?"

"धाकटी," तो म्हणाला. सहज. पावसाबद्दल बोलावं तसं.

२० जुलै, कबरींचा रविवार.

सगळा गाव. कबरी घासलेल्या, फुलं, घडीच्या खुर्च्या, पोरांच्या हातात आइस्क्रीम. क्वायर भिंतीशी उभा. नॅनी ऑनरचा दगड करडा, साधा, सुंदर. नावाखाली मोकळी जागा.

गोरेटी तिथे आधीच होती. आईचा पिवळा कोट घातला होता. दोघीही दगडाकडे बघत राहिलो. मी ठरवलेलं क्षमेचं भाषण पर्समध्येच होतं.

फादरांचं पाणी शिंपडून झालं तेवढ्यात फीली आला, कानावर पेन्सिल. भसाड्या आवाजात म्हणाला, "हं, बायांनो, मंगळवारी येतोय मी. कोणतं साल घालू? आणि मला एकीचंच सांगणं हवं, उगाच माझ्या डोक्याला ताप नको. थोरली कोण, ते तुमच्याच तोंडून एकदा ऐकू दे."

ती एकसष्ट म्हणणारी बाई क्वायरच्या पहिल्या ओळीत होती. डिग्नन टोपी हातात घेऊन दोन कबरींपलीकडे.

गोरेटीला बोलता आलं असतं. ती नुसती आपल्या बुटांकडे बघत राहिली, जाम सांडल्यावर बघत होती तशी.

मी म्हणाले, "मी. मी थोरली. साडेतीन वर्षांनी."

मला वाटलं होतं, निदान कोणाचा तरी श्वास अडकेल. कोणाचाही अडकला नाही. पहिल्या ओळीतली बाई पर्समध्ये रुमाल शोधत होती. एका पोराचं आइस्क्रीम पडलं, सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"बरं बरं," फीली म्हणाला. "साल?"

"१८५०."

तेव्हा कुठे गोरेटीला वाचा फुटली. "नाही हं! १८३५ घाल. म्हातारीनं मेहनत केली होती त्या आकड्यासाठी. पेन्शन नाही मिळाली, निदान दगड तरी मिळू दे."

"दफनभूमीत खोटं कोरायचं?"

"आणि क्वायरमध्ये गायचं?"

"गोरेटी!"

"काय गोरेटी? सहा महिने पत्र सडवलंस. थर्मास तरी धुवायचास!"

फादरांनी खाकरून पाहिलं. मग मी हसले की ती आधी हसली ते आठवत नाही. एवढं आठवतं की आम्ही दोघी एकमेकींच्या दंडाला धरून होतो आणि फीली विचारत होता, आता नक्की काय लिहू.

मी थोरली. मी ठरवलं. १८५०.

परत जाताना डिग्नन फाटकापर्यंत बरोबर आले. मी म्हणाले, तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. ते म्हणाले, "सहासष्ट पूर्ण झाली की सरकार प्रवासाचा पास पाठवतं, अ‍ॅट्रॅक्टा. तुमचा मीच आणून दिला होता, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. ती पाकिटं हाताला कळतात."

सहा वर्षं! सहा वर्षं त्या माणसाला माहीत होतं, आणि मी स्कार्फ बदलत होते. कमाल आहे पोस्टमनची. एक शब्द बोलले नाहीत. मला फार राग आला आहे. गुरुवारी त्यांना सांगणार आहे. हिरवा स्कार्फ घालून.

२२ जुलै, मंगळवार.

फीलीनं आकडा कोरला. गोरेटी आणि मी बघायला गेलो होतो, सूप घेऊन. थर्मास या वेळी मी धुतला.

गोल्डन हार्प बंद केली. "जाऊ नका, अ‍ॅट्रॅक्टा!" म्हणतात.

मग काहल डिग्ननांचा तक्ता काढला. पहिल्या रकान्यावर जानेवारीतल्या कपाचा गोल डाग. त्या गोलात नीट लिहिलं, निळ्या शाईत: अ‍ॅट्रॅक्टा टॅन्सी, ११ ऑगस्ट १९५३.

लिहून झालं आणि एकदम ती २०२२ ची जनगणना आठवली. एकही खाडाखोड नसलेली. त्यात मी १९५७ घातलं आहे.

लगेच डिग्ननांना फोन केला. दुरुस्त करता येतं का? म्हणाले, नाही, शंभर वर्षं मोहोरबंद. २१२२ मध्ये उघडेल. मला मूलबाळ नाही, तेव्हा शोधायला येईल ती गोरेटीचीच कोणी खापरपणती. लाल त्रिकोण बघेल. चष्मा पुसेल. दोन अ‍ॅट्रॅक्टा होत्या म्हणून मंडळात सिद्धान्त मांडेल, पंचवीस मिनिटं. पोरी, मनापासून सांगते, तो शिपाई प्यायलेला नव्हता.

तिला खरं काय ते सांगायला ती शेवटची मोकळी चौकट होती. ती मी वाया घालवली नाही, असं इथेच एप्रिलमध्ये लिहिलंय. त्या चौकटीत मी काय लिहिलं होतं तेही आता आठवलं. सुवाच्य अक्षरात, शाईनं:

"माझी मोठी बहीण गोरेटी हिच्या वयाविषयीच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये."